अल्पसंख्याकांचे पहिले पहारेकरी : कै. मिनू मसानी



दिनांक २७ जानेवारी २०१४ रोजी केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना प्रसिद्ध करून जैन समाजास राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. तेव्हापासून 'अल्पसंख्याक दाखला' हा शब्द आपल्या घरोघरी परिचयाचा झाला. शिष्यवृत्तीसाठी, महाविद्यालयातील प्रवेशासाठी, संस्थेच्या शाळेसाठी हा दाखला कोठून मिळवावा याची विचारपूस आपण एकमेकांकडे करतो. मात्र ज्या आयोगाच्या कायद्यान्वये ही अधिसूचना निघाली, त्या आयोगाची खुर्ची प्रथम कोणी भूषविली असे विचारले, तर उत्तर देणारा क्वचितच आढळतो. ते गृहस्थ आपल्याच मुंबईचे होते. या शहराचे महापौरपद त्यांनी भूषविले होते, घटना समितीत ते बसले होते, लोकसभेत विरोधी बाकांवरून त्यांनी वर्षानुवर्षे सरकारला धारेवर धरले होते. जन्माने ते पारशी, म्हणजे आपल्याहूनही संख्येने कितीतरी लहान समाजातले. २०११ च्या जनगणनेत जैनांची संख्या सुमारे साडेचव्वेचाळीस लाख भरली, तर पारशांची अवघी ५७,२६४. संपादक मंडळाने इतिहासविषयक लेख लिहिण्याची सूचना केली, तेव्हा या मिनू मसानींचे चरित्र आपल्या वाचकांसमोर ठेवावे असे वाटले. मी व्यवसायाने कापड व्यापारी, शिक्षणाने वाणिज्य पदवीधर. तेव्हा कायद्याची चर्चा करताना माझा कल जमाखर्चाच्या बाजूने अधिक झुकला, तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

प्रथम या पदाविषयी दोन शब्द. सरकारी कारभाराविरुद्ध सामान्य माणसाची तक्रार ऐकून घेणारा, पण स्वतः सरकारच्या हाताखाली नसलेला अधिकारी असावा, ही कल्पना स्वीडन देशाने १८०९ सालच्या राज्यघटनेत प्रत्यक्षात आणली. तेथे त्याला 'ओम्बुड्समन' म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी 'लोकपाल' हा सुटसुटीत शब्द १९६३ साली रूढ केला तो डॉ. लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनी. ते त्यावेळी जोधपूरहून निवडून आलेले अपक्ष खासदार होते. हे सिंघवी आपल्या समाजाचे भूषण, हे वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. महाराष्ट्राने १९७१ मध्ये लोकायुक्ताचा कायदा केला. अल्पसंख्याकांच्या तक्रारींपुरता असा पहारेकरी नेमण्याचा विचार त्यानंतर काही वर्षांनी आला. योगायोग असा की सिंघवींनी लोकपाल हा शब्द उच्चारला ती तिसरी लोकसभा, आणि त्याच वर्षी पोटनिवडणुकीत विजयी होऊन तिच्या बाकांवर येऊन बसले मिनू मसानी.

मिनोचेर रुस्तम मसानी यांचा जन्म २० नोव्हेंबर १९०५ रोजी मुंबईत झाला. वडील सर रुस्तम मसानी हे मुंबई महापालिकेचे आयुक्त होते, पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि दादाभाई नौरोजींचे विस्तृत चरित्र त्यांनी लिहिले. मिनूंचे शिक्षण एल्फिन्स्टन महाविद्यालयात आणि नंतर लंडनमध्ये झाले. बॅरिस्टर होऊन ते १९२९ च्या सुमारास मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागले. अशा घरातील मुलाने सुखाने वकिली करावी, एखाद्या मोठ्या कंपनीच्या संचालक मंडळावर जावे, एवढीच अपेक्षा कोणी केली असती. परंतु सविनय कायदेभंगाच्या चळवळीत ते नाशिकच्या कारागृहात गेले. तेथे जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, अशोक मेहता, नानासाहेब गोरे अशी मंडळी एकत्र होती. त्या बराकीतील चर्चेतून १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष जन्माला आला आणि मसानी त्याचे एक चिटणीस झाले. पुढे कम्युनिस्टांशी हातमिळवणी करण्याच्या प्रश्नावर त्यांचे पक्षाशी बिनसले आणि १९३९ मध्ये ते बाहेर पडले. समाजवादाचा पुरस्कार करणारा हा तरुण उत्तरायुष्यात खुल्या बाजारपेठेचा कट्टर समर्थक झाला, यावरून त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. मला यात विशेष नवल वाटत नाही. विचार बदलल्यावर त्यांनी तो उघडपणे पुस्तक लिहून सांगितला, आणि त्यासाठी पद सोडावे लागले तेव्हा ते सोडले. आपल्या सार्वजनिक जीवनात विचार न बदलता पक्ष बदलणारेच अधिक आढळतात.

त्यानंतर ते टाटा समूहात दाखल झाले. १९४० साली मुलांसाठी लिहिलेले त्यांचे 'अवर इंडिया' हे पुस्तक घरोघरी गेले. १९४३ मध्ये ते मुंबईचे महापौर झाले. युद्धाचा काळ होता; बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला होता, मुंबईत धान्याचे रेशनिंग त्याच वर्षी सुरू झाले, आणि आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने सांगायचे तर सुती कापड व सूत यांवरील नियंत्रणाचा हुकूमही त्याच १९४३ सालचा. कापडाच्या ताग्यावर किंमत छापून येऊ लागली ती तेव्हापासून. येथे देवनारच्या वाचकांसाठी एक गंमत नमूद करतो. मसानी महापौर होते तेव्हा आपले देवनार मुंबई महापालिकेच्या हद्दीत नव्हतेच. ते उपनगर जिल्ह्यातील खेडे होते. महापालिकेची हद्द वाढून ही बाजू बृहन्मुंबईत आली ती १९५० मध्ये. शहराचा कचरा मात्र १९२७ पासूनच येथे येऊन पडत होता. म्हणजे महापौरांवर आपला हक्क नव्हता, त्यांच्या कचऱ्यावर होता.

आता मुख्य विषयाकडे वळतो. मसानी घटना समितीचे सदस्य होते आणि मूलभूत हक्कांचा मसुदा तयार करणाऱ्या उपसमितीतही होते. त्याच उपसमितीत डॉ. आंबेडकर, कन्हैयालाल मुनशी, राजकुमारी अमृत कौर आणि हंसाबेन मेहता हे सदस्य होते. १७ डिसेंबर १९४६ रोजी, ध्येयविषयक ठरावावर बोलताना मसानींनी अल्पसंख्याकांचा प्रश्न काढला. आपण स्वतः एका अत्यंत लहान समाजाचे आहोत याची जाणीव देऊन त्यांनी असे प्रतिपादन केले की, अल्पसंख्याकांना कायद्याचे संरक्षण अवश्य मिळावे. परंतु राष्ट्र या संकल्पनेत कायमस्वरूपी अल्पसंख्याक बसत नाहीत, काळाच्या ओघात राष्ट्राने त्यांना आपल्यात सामावून घेतले पाहिजे, अन्यथा राष्ट्रच दुभंगेल. पुढे एप्रिल १९४७ मध्ये, सर्व नागरिकांसाठी समान नागरी कायदा हा हक्कांच्या यादीत यावा असा आग्रह धरून त्यांनी हंसाबेन व अमृत कौर यांच्यासह भिन्नमतपत्रिका जोडली. फाळणीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या देशात ही भूमिका अप्रिय होती, आणि बहुमताने ती फेटाळली.

त्याच सुमारास पारशी समाजाने आणखी एक निर्णय घेतला, तो आपण लक्षात ठेवण्याजोगा आहे. अल्पसंख्याकांच्या राखीव जागांची चर्चा चालू असताना सर होमी मोदी यांनी, आपल्या समाजास कायद्याने राखीव जागा नकोत, असे सल्लागार समितीस कळविले. लाखाच्या आसपास लोकवस्ती असलेल्या समाजाने हे म्हणावे, यात आत्मविश्वास होता हे उघड आहे. हिशेबही होता असे मला वाटते. ज्या समाजाची पत बाजारात आणि संस्थांमध्ये आहे, त्याला विधिमंडळातील एकदोन राखीव खुर्च्यांतून मिळणारा लाभ थोडा, आणि इतरांच्या नजरेत वेगळे पडण्याची किंमत मोठी.

मसानींच्या विचारातील एक गोष्ट मला मान्य करता येत नाही, ती येथेच सांगतो. अल्पसंख्याक कालांतराने विरघळून जातील, ही त्यांची अपेक्षा आपल्या समाजाच्या इतिहासाला लागू पडत नाही. जैन समाज भाषेने, पेहरावाने, व्यापाराने ज्या प्रदेशात राहिला त्या प्रदेशाचा झाला. कोल्हापूर-सांगलीकडचा जैन शेतकरी मराठीच बोलतो, तामिळनाडूतील जैन तमिळ बोलतो, सौराष्ट्रातून घाटकोपरला आलेला गुजराती बोलतो. असे असूनही देरासर, उपाश्रय, पर्युषण, चातुर्मास यांतून आपले वेगळेपण शतकानुशतके टिकले. मिसळणे आणि विरघळणे यांत फरक आहे.

हाच फरक स्वतः मसानींनाही लवकरच अधिकृत रीतीने हाताळावा लागला. संयुक्त राष्ट्रांनी 'भेदभाव प्रतिबंध व अल्पसंख्याक संरक्षण' या नावाची एक उपसमिती नेमली होती. तिची पहिली बैठक १९४७ च्या अखेरीस जिनिव्हा येथे भरली आणि तिच्या सदस्यांत भारताचे मसानी होते. त्या बैठकीत दोन गोष्टींची व्याख्या वेगवेगळी करण्यात आली. भेदभाव रोखणे म्हणजे कोणालाही समान वागणूक नाकारली जाणार नाही हे पाहणे. अल्पसंख्याकांचे संरक्षण म्हणजे, ज्यांना सर्वसाधारणपणे समान वागणूकच हवी आहे, पण आपली भाषा, धर्म, परंपरा टिकविण्यापुरती काही वेगळी वागणूकही हवी आहे, अशा प्रभुत्व नसलेल्या समूहांना ती देणे. कायद्याची भाषा बाजूला ठेवून सांगायचे तर पहिल्या गोष्टीत 'मला इतरांसारखेच वागवा' ही मागणी आहे, दुसरीत 'मला माझ्यासारखे राहू द्या' ही. आपल्या संविधानाच्या १५ व्या कलमात पहिली आहे, २९ व ३० व्या कलमांत दुसरी. आपल्या समाजात अल्पसंख्याक दर्जावरून जे वाद झाले, त्यांतील निम्मे या दोहोंच्या गल्लतीतून झाले असे माझे मत आहे.

स्वातंत्र्यानंतर मसानी काही काळ ब्राझीलमध्ये भारताचे राजदूत होते. नंतर काँग्रेसपासून ते पूर्णपणे दुरावले. १९५७ मध्ये रांचीहून ते लोकसभेवर निवडून आले. १९५९ मध्ये राजाजी, प्रा. रंगा, मुनशी यांच्यासह त्यांनी स्वतंत्र पक्ष उभा केला आणि त्याचे सरचिटणीसपद सांभाळले. राजाजींनी 'लायसन्स-परमिट राज' हा शब्दप्रयोग प्रचारात आणला तो याच काळात. आपल्या वडीलधाऱ्यांच्या पिढीतील पुष्कळ व्यापाऱ्यांना या पक्षाविषयी आपुलकी वाटे, यात आश्चर्य नाही. कंट्रोलच्या कापडाचे कोटे आणि सरकारी कचेरीतील खेटे ज्यांनी अनुभवले, त्यांना तो शब्द समजावून सांगावा लागत नसे. १९६३ मध्ये राजकोटच्या पोटनिवडणुकीत मसानी विजयी झाले. १९६७ मध्ये स्वतंत्र पक्षाचे ४४ खासदार निवडून आले आणि त्याच वर्षी संसदेच्या लोकलेखा समितीचे अध्यक्षपद प्रथमच विरोधी पक्षाकडे आले, ते मसानींकडे. ही प्रथा तेव्हापासून पुढे चालू राहिली. ज्याने खर्च केला त्यानेच हिशेब तपासू नये, हे तत्त्व कोणत्याही ट्रस्टच्या खजिनदारास पटेल. १९७१ च्या निवडणुकीत मात्र पक्षाची वाताहत झाली. मसानी स्वतः राजकोटला पराभूत झाले आणि निवडणुकीच्या राजकारणातून बाहेर पडले.

त्यांच्या आयुष्यातील जो प्रसंग मला सर्वांत मोलाचा वाटतो, तो यानंतरचा आहे. मसानी 'फ्रीडम फर्स्ट' नावाचे एक छोटेसे इंग्रजी मासिक चालवीत असत. १९५२ पासून निघणाऱ्या या मासिकाचा खप फार मोठा नव्हता. जून १९७५ मध्ये आणीबाणी जाहीर झाली आणि वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला. मासिकाच्या अंकासाठी पाठविलेले अकरा मजकूर सेन्सॉरने छापण्यास मनाई केली. अशा वेळी बहुतेकांनी काय केले, ते आपल्या पिढीने शाळकरी वयात का होईना पाहिले आहे. मसानी उच्च न्यायालयात गेले. त्यांच्या बाजूने सोली सोराबजी उभे राहिले. पुढाऱ्यांची धरपकड चालू होती, मूलभूत हक्क स्थगित होते, आणि एक सत्तरीचा गृहस्थ एका लहानशा मासिकातील अकरा मजकुरांसाठी सरकारला न्यायालयात खेचीत होता. एकल न्यायाधीशांनी मसानींच्या बाजूने निकाल दिला. सेन्सॉरने अपील केले. फेब्रुवारी १९७६ मध्ये न्यायमूर्ती मादन व न्यायमूर्ती कनिया यांच्या खंडपीठाने निर्णय दिला की, सर्व वृत्तपत्रांनी एकाच वाऱ्याच्या दिशेने शिडे वळवावीत आणि एकाच सुरात बोलावे, हे पाहणे सेन्सॉरचे काम नव्हे. सरकारवर टीका करण्याचा नागरिकाचा अधिकार आणीबाणीतही संपत नाही. देशभर भीतीचे वातावरण असताना मुंबईच्या उच्च न्यायालयाने हे लिहिले, हे मुंबईकर म्हणून आपण अभिमानाने सांगावे असे आहे.

मार्च १९७७ मध्ये जनता पक्षाचे सरकार आले. मोरारजीभाई देसाई पंतप्रधान झाले. १२ जानेवारी १९७८ रोजी गृहमंत्रालयाने एक ठराव काढून अल्पसंख्याक आयोग स्थापन केला. संविधानात आणि कायद्यांत संरक्षणाच्या तरतुदी असूनही अल्पसंख्याकांच्या मनात असमानतेची व भेदभावाची भावना कायम आहे, अशी स्पष्ट कबुली त्या ठरावातच होती. या आयोगाचे पहिले अध्यक्ष म्हणून मसानींची नेमणूक झाली; न्यायमूर्ती एम. आर. ए. अन्सारी आणि शिक्षणतज्ज्ञ प्रा. व्ही. व्ही. जॉन हे सदस्य होते. निवड विचारपूर्वक झाली होती असे म्हणावे लागेल. अध्यक्ष सर्वांत लहान समाजातला होता, त्याला कोणतीही मतपेढी नव्हती, आणि सरकारविरुद्ध उभे राहण्याचे धैर्य त्याने नुकतेच सिद्ध केले होते. १९४६ साली कायमचे अल्पसंख्याक नकोत म्हणणाऱ्या माणसाकडेच अल्पसंख्याकांच्या तक्रारींची वही सोपविण्यात आली.

वही होती, पण लेखणीत शाई नव्हती. आयोग संसदेच्या कायद्याने झालेला नव्हता, केवळ सरकारी ठरावाने झालेला होता. साक्षीदारास बोलाविण्याचा, कागदपत्रे मागविण्याचा, कोणत्याही खात्याकडून उत्तर घेण्याचा कायदेशीर अधिकार त्यास नव्हता. तो शिफारस करील, आणि सरकारला वाटले तर सरकार ती मानील. आपल्याकडे एखाद्या पेढीवर दिवाणजी नेमावा आणि तिजोरीची किल्ली, खतावणी आणि सही करण्याचा हक्क यांतील काहीच त्याच्या हाती देऊ नये, तशी ही नेमणूक होती. मसानी या पदावर फार काळ राहिले नाहीत. त्याच वर्षी त्यांनी ते सोडले आणि न्यायमूर्ती अन्सारी अध्यक्ष झाले. आयोगाला घटनात्मक दर्जा देण्याचे प्रयत्न जनता राजवटीत झाले, पण तडीस गेले नाहीत.

काही मंडळी असे म्हणतील की, त्यांनी टिकून राहायला हवे होते. आतून दबाव आणता आला असता. या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. संस्था उभारणाऱ्यास चिकाटी लागते, आणि मसानींच्या स्वभावात ती थोडी कमीच होती. समाजवादी पक्ष, काँग्रेस, स्वतंत्र पक्ष या साऱ्यांतून ते बाहेर पडले. परंतु पहारेकऱ्याच्या पदाचे वैशिष्ट्य असे की, ते पद ज्याला सोडवत नाही त्याच्या हातून पहारा नीट होत नाही. गाडी, बंगला आणि मानमरातब यांसाठी जो तेथे बसून राहील, त्याची शिफारस कोणत्या मंत्र्याने गांभीर्याने घ्यावी? मसानींनंतर या पदावर निवृत्त न्यायाधीश, प्रशासक, प्राध्यापक, राजकारणी असे नाना तऱ्हेचे लोक आले. पद तेच, कायदाही पुढे तोच, पण माणसागणिक आयोगाचा आवाज चढला किंवा उतरला.

यापुढील वाटचाल थोडक्यात सांगतो. १९८४ मध्ये आयोग गृहमंत्रालयाकडून कल्याण मंत्रालयाकडे गेला. १९८८ मध्ये भाषिक अल्पसंख्याक त्याच्या कक्षेतून वगळण्यात आले. अखेर १९९२ मध्ये संसदेने राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाचा कायदा केला आणि मे १९९३ पासून कायद्याने स्थापन झालेला आयोग अस्तित्वात आला. मसानींच्या वेळी जे नव्हते त्यांपैकी काही आता मिळाले. चौकशीपुरते दिवाणी न्यायालयाचे अधिकार आले. वार्षिक अहवाल संसदेसमोर ठेवणे, आणि शिफारस नाकारली असल्यास त्याची कारणे सांगणे, सरकारवर बंधनकारक झाले. शिफारस मानण्याचे बंधन मात्र आजही नाही.

या कायद्यान्वये ऑक्टोबर १९९३ मध्ये पाच समाज अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित झाले: मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध आणि पारशी. जैन नव्हते. आता आपल्या समाजाचा इतिहास पाहिला तर ही मागणी नवी नव्हती. संविधानाच्या २५ व्या कलमातील स्पष्टीकरणात हिंदू या शब्दात शीख, जैन व बौद्ध यांचा समावेश केल्यामुळे जानेवारी १९५० मध्येच जैनांचे शिष्टमंडळ पंडित नेहरूंना भेटले होते. ३१ जानेवारी १९५० च्या पत्राने पंतप्रधानांच्या कार्यालयाने खुलासा केला होता की, ते स्पष्टीकरण त्या कलमापुरतेच आहे आणि जैन हा वेगळा धर्म आहे याविषयी शंका बाळगण्याचे कारण नाही. पत्र मिळाले, अधिसूचना मिळण्यास पुढे ६४ वर्षे लागली.

आयोगाने १९९४ मध्ये जैनांचा समावेश करावा अशी शिफारस केली. ती सरकारकडे पडून राहिली. मसानी रिकाम्या हाताने ज्या खुर्चीवर बसले होते, तिची मर्यादा आपल्या समाजास अशी प्रत्यक्ष कळली. पत्रकार व कार्यकर्ते कै. बाळ पाटील यांनी हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात नेला. महाराष्ट्राच्या अल्पसंख्याक आयोगावरही त्यांनी काम केले होते. ८ ऑगस्ट २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, सरकारला असा आदेश देता येणार नाही. निकालपत्रात न्यायालयाने आणखी पुढे जाऊन म्हटले की, अल्पसंख्याकांची यादी वाढवीत जाण्यापेक्षा ती हळूहळू कमी होत नाहीशी व्हावी, अशी परिस्थिती निर्माण करणे हे आयोगांचे ध्येय असावे. घटना समितीत मसानींनी मांडलेला विचार ५९ वर्षांनी न्यायालयाच्या निकालात आला आणि तो आपल्याच समाजाच्या विरोधात गेला. मसानी तेव्हा हयात नव्हते. २७ मे १९९८ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले होते.

आपल्या समाजातही त्या काळात एकमत नव्हते, हे लिहिलेच पाहिजे. अल्पसंख्याक म्हणवून घेतल्याने आपण बहुसंख्य समाजापासून तुटू, व्यापारात आणि शेजारात त्याची किंमत मोजावी लागेल, असे मानणारे अनेक जाणते लोक होते. दुसरा पक्ष म्हणत असे की, आपल्या शाळा, महाविद्यालये, तीर्थक्षेत्रे आणि ट्रस्ट यांचा कारभार आपल्या हाती राहण्यासाठी ३० व्या कलमाचे कवच आवश्यक आहे. बाळ पाटलांचे २०११ मध्ये निधन झाले. मध्य प्रदेशासह काही राज्यांनी आपापल्या पातळीवर मान्यता आधीच दिली होती. राष्ट्रीय अधिसूचना जानेवारी २०१४ मध्ये निघाली. मला स्वतःला दुसऱ्या पक्षाचे म्हणणे पटते, परंतु पहिल्या पक्षाची भीती निराधार होती असे मी म्हणणार नाही. जिनिव्हाच्या त्या व्याख्येकडे पाहिले तर आपल्या समाजाला पहिल्या प्रकारच्या संरक्षणाची गरज फारशी भासलेली नाही. गरज आहे ती दुसऱ्या प्रकारच्या, 'आम्हाला आमच्यासारखे राहू द्या' या संरक्षणाची.

उत्तरायुष्यात मसानींनी हाती घेतलेल्या एका कार्याचा उल्लेख येथे करणे भाग आहे. १९८१ मध्ये त्यांनी मुंबईत सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी एक संस्था स्थापन केली. असाध्य आजारात यंत्रांच्या साहाय्याने आयुष्य लांबविण्यास नकार देण्याचा अधिकार रुग्णास असावा, हा तिचा हेतू. आपल्या सल्लेखनेशी याची गल्लत करू नये. सल्लेखना हे व्रत आहे, कषाय क्षीण करण्याची साधना आहे, वेदनेतून सुटकेचा उपाय नव्हे. परंतु ऑगस्ट २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने संथाऱ्यास आत्महत्येच्या गुन्ह्यात काढले आणि देशभर जैन समाज मूकमोर्चाने रस्त्यावर आला, तेव्हा शेवटचा श्वास कसा घ्यावा यात सरकारने किती हात घालावा, हाच प्रश्न न्यायालयापुढे होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्याच्या ३१ तारखेस त्या निकालास स्थगिती दिली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असाध्य रुग्णाचे उपचार थांबविण्याचा व तशी इच्छा आधी लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला, तेव्हा मसानींना जाऊन वीस वर्षे होत आली होती.

देवनारच्या वाचकांना या साऱ्याचा संबंध घराजवळच सापडेल. १९७१ पासून महापालिकेचे पशुवधगृह आपल्या परिसरात आहे. पर्युषणात ते बंद राहावे म्हणून आपल्या संस्था महापालिकेकडे अर्ज करीत आल्या आहेत. २००८ मध्ये अहमदाबादच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पर्युषणाचे नऊ दिवस महापालिकेची पशुवधगृहे बंद ठेवण्यास मान्यता दिली. मात्र बंदी थोड्याच दिवसांची आहे, म्हणून खाटिक बांधवांच्या व्यवसायावर ती अवाजवी बंधन ठरत नाही, अशी कारणमीमांसा न्यायालयाने केली. २०१५ मध्ये मुंबईत मांसविक्रीवरही बंदी आली. त्यावरून शहरात मोठा गदारोळ झाला, आणि मुंबई उच्च न्यायालयाने विक्रीवरील बंदीस स्थगिती दिली. पशुवधगृह बंद ठेवण्याच्या आदेशास हात लावला नाही. वाचकांनी हा भेद बारकाईने पाहावा. पशुवधगृह महापालिकेचे, म्हणजे सर्वांचे. त्याचे दरवाजे काही दिवस बंद ठेवण्याची विनंती करणे हे आपल्या श्रद्धेच्या जपणुकीत येते. शेजाऱ्याच्या दुकानात आणि ताटात काय असावे हे ठरविणे त्यात येत नाही. गोवंडी-देवनार पट्ट्यात या व्यवसायावर पोट असलेली जी कुटुंबे राहतात, त्यांतील बहुतेक मुस्लिम आहेत, म्हणजे त्याच १९९२ च्या कायद्याखालील अल्पसंख्याक आहेत. उद्या एकाच प्रश्नावर त्यांची तक्रार आणि आपली तक्रार अशा दोन्ही त्याच आयोगासमोर जाऊ शकतात, आणि तेथे बसलेल्या माणसास दोन्ही बाजूंची कागदपत्रे मागवून दोघांचेही म्हणणे ऐकावे लागेल.